फॅमिली पोस्टपेड: भाडं परवडतं, पण शेवटची ओळ वाचून घ्या

चार सिम, एक बिल आणि बहुतेकदा चार वेगळ्या रिचार्जपेक्षा कमी खर्च. इथवर जाहिरात खरी. प्लानची खरी किंमत मात्र पत्रकातल्या शेवटच्या बारीक ओळीत असते: डेटा संपल्यावर काय होणार? एक तर वेग ६४ केबीपीएसवर येतो, नाहीतर मीटर पडायला लागतो. पहिल्या प्रकारात चिडचिड होते, पण बिल फुगत नाही. घरात शाळकरी मूल असेल तर तोच प्लान घ्यावा.

मीटरचा दर एमबीमागे छापलेला असेल तर १०२४ ने गुणा. २ पैसे म्हणजे जीबीला २० रुपये ४८ पैसे, १० पैसे म्हणजे १०२ रुपये ४० पैसे. वर १८ टक्के जीएसटी. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो. विरारहून चर्चगेटला जाताना एकाने रोज मालिका लावली, तर सगळ्यांचा सामायिक डेटा महिन्याच्या मध्यालाच आटतो. म्हणून कंपनीच्या अॅपमध्ये प्रत्येक नंबरला वेगळी मर्यादा घालता येते का, हे सिम घेण्याआधी विचारा. येत नसेल, तर माझ्या मते त्या प्लानचा अर्धा फायदा गेला.

गळती बहुधा घरातूनच होते. राउटर हॉलमध्ये, झोपायची खोली टोकाला. वाय-फाय क्षीण झालं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी ‘वाय-फाय असिस्ट’ असतं, ते बंद करा. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारी सोय असते. तळघरातल्या पार्किंगमध्ये ऑफिसच्या सिमची रेंज गेली की खर्च फॅमिली सिमवर पडतो. तीही बंद. गूगल फोटोजचा बॅकअप आणि व्हॉट्सअॅपचं ऑटो-डाउनलोड फक्त वाय-फायवर ठेवा.

अँड्रॉइडमध्ये डेटा वापराच्या पानावर इशारा आणि मर्यादा दोन्ही लावता येतात. तिथे महिन्याची सुरुवात १ तारखेऐवजी बिलाच्या तारखेला करा, नाहीतर फोनचा हिशोब आणि कंपनीचा हिशोब जुळणारच नाही. आयफोनचा आकडा आपोआप शून्यावर येत नाही. बिलाच्या तारखेला हाताने रीसेट करावा लागतो. आजीला फक्त फोनवर बोलायचं असेल, तर तिच्या नंबरवरून ‘स्टॉप’ हा शब्द इंग्रजीत लिहून १९२५ ला एसएमएस करा. त्या सिमचा डेटाच बंद होतो. पुन्हा हवा असेल तेव्हा ‘स्टार्ट’.

बिल हातात आल्यावर आधी रक्कम कोणत्या शीर्षकाखाली आहे ते पाहा. ‘डेटाचे पैसे’ म्हणून ज्यावर ओरड होते, ती कधी कधी मुलाने गेममध्ये केलेली, मोबाइल बिलात जोडली गेलेली खरेदी असते. व्हॅल्यू अॅडेड सेवा (कॉलर ट्यूनसारखी वेगळे पैसे लागणारी जादा सेवा) चालू झाली असेल तर १५५२२३ वरून बंद करता येते. आणखी एक फसगत खास मुंबईकरांची. बॅलार्ड पिअरहून क्रूझने गोव्याला निघालात, तर किनाऱ्यापासून दूर जहाजाचं स्वतःचं नेटवर्क फोन पकडू शकतो. त्याचा दर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा लागतो. गोव्यालाच तर चाललोय, असं म्हणून चालत नाही! फोन एअरप्लेन मोडवर ठेवा.

वाद असेल तर कंपनीच्या १९८ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून घ्या आणि तारीखवार, नंबरवार डेटा तपशील मागा. नुसतं ‘जास्त बिल आलं’ म्हटलं तर प्लानच्या अटी वाचून दाखवतात. ‘अमुक तारखेला तमुक नंबरवर इतका वापर कसा’ असं विचारलं की उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो.