पेलिकानचे पाच खंड: पावसाळ्यापासून होळीपर्यंत

सलग वाचून काढायचा म्हणून हा संच घेतलात, तर शंभराव्या पानाच्या आत तो कपाटात जाईल. यारोस्लाव पेलिकान यांचे ‘द ख्रिश्चन ट्रॅडिशन’ या ख्रिस्ती सिद्धान्तांच्या इतिहासाचे पाच खंड मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतले आणि होळीपर्यंत जवळजवळ रोज त्यांतलं काहीतरी वाचलं. पाचवा खंड अजून पुरता झालेला नाही. पण संचाची ताकद कुठे आहे आणि तो कुठे हात आखडता घेतो, हे आता पुरेसं कळलंय, म्हणून लिहितोय.

मी ख्रिस्ती नाही. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, तेही मुख्यतः भारतीय दर्शनं. ‘ख्रिस्ती लोक त्रैक्य मानतात’, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, एवढ्या एका ओळीपलीकडे जायचं होतं. हे मत आलं कुठून, कुणी काय आक्षेप घेतला, उत्तर काय दिलं, हे हवं होतं. त्या कामाला या संचाच्या तोडीचं दुसरं काही मला सापडलं नाही.

पेलिकान (१९२३–२००६) अमेरिकेतले, स्लोव्हाक लुथरन घरातले, वडील पाळक. बाविसाव्या वर्षी शिकागोहून डॉक्टरेट, पुढे येलमध्ये अनेक वर्षं प्राध्यापकी. पहिला खंड १९७१ साली आला, पाचवा १९८९ साली. म्हणजे हयातीतला मोठा काळ या एका कामात गेला. विषय इतकाच, की चर्चने शतकानुशतकं काय मानलं, काय शिकवलं आणि कशाची जाहीर कबुली दिली. पहिला खंड सन १०० ते ६०० चा, दुसरा पूर्वेकडच्या ग्रीक, सिरियन आणि रशियन परंपरेचा, तिसरा मध्ययुगीन लॅटिन युरोपचा, चौथा धर्मसुधारणेचा (म्हणजे प्रोटेस्टंट पंथ निघाले त्या काळाचा), पाचवा १७०० नंतरचा.

पुस्तक उघडलं की आधी नजर जाते समासाकडे. तळटीपा नाहीत, आकडे नाहीत. मजकुराच्या कडेला बारीक टाइपात संक्षेप छापलेत: ग्रंथकाराच्या नावाची दोन-तीन अक्षरं, ग्रंथाच्या नावाची दोन-तीन, पुढे परिच्छेदाचा आकडा. ज्या ओळीला जो आधार, तो तिच्याच शेजारी. या संक्षेपांची यादी खंडाच्या सुरुवातीला आहे. पहिले काही आठवडे पानं मागेपुढे करण्यातच गेले. शेवटी यादीची झेरॉक्स काढली आणि तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवली. ज्यांना चाळिशी लागलीय त्यांनी भिंग जवळ ठेवावं.

पण सवय झाली की हा समासच संचातली सगळ्यात कामाची गोष्ट ठरतो. चर्चच्या आद्य आचार्यांचे बरेच ग्रंथ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतरांत इंटरनेटवर फुकट मिळतात. ‘ख्रिश्चन क्लासिक्स इथिरियल लायब्ररी’ या संकेतस्थळावर तर रांगेने लावून ठेवलेत. समासात चौथ्या शतकातल्या अथनेशियस या बिशपचा संक्षेप दिसला की मूळ ग्रंथ उघडायचा, तो परिच्छेद वाचायचा, पुन्हा पेलिकानकडे यायचं. असं केलं की दिवसाला तीन-चार पानांच्या वर जात नाही. पण जे वाचलं ते राहतं.

उदाहरण द्यायचं तर पहिल्या खंडाचं चौथं प्रकरण, त्रैक्याचं. माझ्या मते त्या खंडातला सगळ्यात कसदार भाग तोच. आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू एरियस आणि त्याचं मत फेटाळणारी ३२५ सालची निकाईयाची बिशपांची परिषद ही नावं ऐकून माहीत असतात. पेलिकान सुरुवात करतात ती बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातल्या बाविसाव्या वचनापासून. तिथे ‘ज्ञान’ बोलतं, की परमेश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी मला निर्माण केलं. हे ज्ञान म्हणजे ख्रिस्त, याबद्दल दोन्ही पक्षांत वाद नव्हता. मग एरियस म्हणतो: वचनात ‘निर्माण केलं’ असं स्पष्ट आहे, म्हणजे पुत्र सृष्ट आहे. सगळ्या सृष्टीच्या आधीचा, सगळ्यांत श्रेष्ठ, पण शेवटी निर्मिलेलाच. तो नव्हता, असं कधीतरी होतं. अथनेशियसला वचन नाकारता येत नाही. तो म्हणतो, हे वचन ख्रिस्ताच्या मानवी जन्माबद्दल आहे, मूळ स्वरूपाबद्दल नव्हे. शिवाय जो स्वतःच सृष्ट आहे, तो सृष्टीला तारणार कसा?

दर्शनं शिकलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटतं. श्रुतिवचन दोघांनाही प्रमाण, भांडण अर्थाचं. आणि पेलिकान पूर्वपक्ष इतका चोख मांडतात, की दोन पानं आपण एरियसच्याच बाजूने मान डोलावत असतो.

मग येतो तो मुद्दा, ज्यासाठी हा खंड मी पुन्हा वाचला. चर्चमध्ये लोक ख्रिस्ताची उपासना आधीपासून करतच होते, एरियसचे लोकसुद्धा. तो जर निर्मिलेला असेल, तर तुम्ही निर्मिलेल्याची पूजा करताय, म्हणजे मूर्तिपूजकच झालात, असा हल्ला त्यांच्यावर झाला. सिद्धान्त नुसता ग्रंथांतून येत नाही. लोक प्रार्थनेत आधीच जे करत असतात, त्याचा हिशेब सिद्धान्ताला द्यावा लागतो. हे सूत्र पाचही खंडांतून वाहतं.

दुसरा खंड मला सगळ्यांत आवडला. माझं ऐकाल तर सुरुवात तिथूनच करा. पहिल्या खंडाचं पहिलं प्रकरण यहुदी आणि ग्रीक पार्श्वभूमीचं आहे, तिथे नवखा माणूस अडकतो. दुसऱ्या खंडात प्रतिमांच्या वादाचं प्रकरण आहे आणि मूर्तींबद्दल घराघरांत मतं असलेल्या मराठी वाचकाला ते वाचताना कंटाळा येणं शक्य नाही.

बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यात आठव्या शतकात प्रतिमा फोडायचं धोरण आलं. ७५४ साली प्रतिमाविरोधकांची परिषद भरली. त्यांचा युक्तिवाद असा: ख्रिस्ताचं चित्र काढणारा नेमकं काय काढतो? देवत्व काढतो म्हणाल, तर अमर्यादाला चौकटीत बसवलंत. नुसतं मनुष्यत्व काढतो म्हणाल, तर देव आणि माणूस यांची फारकत केलीत. दोन्हीकडून पाखंड. ख्रिस्ताची खरी प्रतिमा एकच, वेदीवरची भाकर आणि द्राक्षरस. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि आधी स्वतः उत्तर शोधायचा प्रयत्न केला. सोपं नाही.

प्रतिमांच्या बाजूने दमास्कसचा योहान म्हणतो, मी जडाला भजत नाही. जडाच्या निर्मात्याला भजतो, जो माझ्यासाठी स्वतः जडात आला. पुढे स्टुडिओस मठाचा थिओडोर आणखी बारीक कातरतो: चित्र कधीच स्वभावाचं, म्हणजे देवत्वाचं किंवा मनुष्यत्वाचं नसतं, ते व्यक्तीचं असतं. ७८७ साली निकाईयातच दुसरी परिषद झाली आणि प्रतिमांना मान द्यावा, उपासना मात्र केवळ देवाची, असं ठरलं. तरीही वाद ८४३ पर्यंत धुमसत राहिला.

आपल्याकडे प्रार्थना समाजाच्या, म्हणजे १८६७ नंतरच्या काळात मूर्तिपूजेवर जे वाद झाले, ते बरेचसे निराकार ईश्वर आणि साधकाची पायरी यांभोवती फिरले. इथे प्रश्नाचं मूळच वेगळं: देव एकदा देहात आला असेल, तर त्या देहाचं चित्र काढायला मनाई करता येईल का? दिसायला एकच वाटणारे दोन वाद आत इतके वेगळे असतात, हे मला इथे नीट उमगलं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: या पानांत माणसं नाहीत. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस आणि आलेक्सांद्रियाचा बिशप सिरिल यांचा ४३१ सालचा झगडा घ्या. मरियेला ‘देवमाता’ म्हणायचं की नाही, यावरून दोन बलाढ्य धर्मपीठं एकमेकांवर उठली होती. सिरिलने राजदरबाराकडे भेटवस्तूंचा रतीब लावला होता. पेलिकानच्या पानांवर उरतो तो युक्तिवाद. शेजारच्या बिऱ्हाडातलं भांडण भिंतीआडून ऐकावं तसं होतं: शब्द न् शब्द कळतो, पण कोण कुठे उभं आहे ते दिसत नाही. त्यांनी हे जाणूनबुजून केलंय, कारण त्यांना ग्रंथकारांचं चरित्र लिहायचं नव्हतं, मताचा इतिहास लिहायचा होता. मान्य. पण वाचकाची सोय त्याने होत नाही. मी शेजारी डायरमेड मॅककलक यांचा २००९ सालचा ख्रिस्ती धर्माचा जाडजूड इतिहास ठेवला आणि मगच गाडी रुळावर आली.

दुसरी तक्रार लेखनशैलीची. पेलिकान उद्धृतं स्वतःच्या वाक्यात इतकी मुरवतात, की हे चौथ्या शतकातला बिशप बोलतोय की येलचा प्राध्यापक, ते समासात पाहिल्याशिवाय समजत नाही. आठ-दहा पानांनी डोकं भणभणतं.

तिसरी, काळाची. जे मुख्य प्रवाहाबाहेर गेले त्यांच्यावर पहिल्या खंडात स्वतंत्र प्रकरण आहे, पण दिशा जिंकलेल्यांच्या बाजूनेच ठरलेली. त्यातून इजिप्तमधल्या नाग हम्मादीला १९४५ साली सापडलेल्या अशा पंथांच्या हस्तलिखितांचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर आलं १९७७ साली, म्हणजे हा खंड छापून झाल्यावर. ज्ञेयवादी पंथांसाठी, म्हणजे गुप्त ज्ञानाने तारण होतं असं मानणाऱ्यांसाठी, नवं काहीतरी वाचावंच लागेल. परंपरेच्या सातत्याचा पेलिकानना ओढा आहे, तो लपत नाही. १९९८ मध्ये ते स्वतः पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले हे कळल्यावर दुसऱ्या खंडातला जिव्हाळा मागाहून ध्यानात येतो. पण धर्मसुधारणेचा प्रवर्तक लुथर याच्या ग्रंथांचं इंग्रजी संपादन करणारा माणूसही तोच, त्यामुळे चौथ्या खंडात लुथरवर अन्याय झालाय असं कुणी म्हणणार नाही.

तिसऱ्या खंडात अन्सेल्म या मध्ययुगीन विचारवंतावरचा भाग सोडू नका. देवाला माणूस व्हावंच का लागलं, हा १०९८ चा प्रश्न. बाकी तो खंड मी वेगाने उलटला. पाचवा संथ आहे, नावांची गर्दी आहे. त्यात आपली माणसं शोधायला जाऊ नका. ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे नाहीत, पंडिता रमाबाई नाहीत.

पण रमाबाईंकडे हा संच मला भलत्याच वाटेने घेऊन गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लवकरच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून खडाजंगी सुरू झाली: त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार. ही पत्रं अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापली. पूर्वी वाचली तेव्हा मला त्यांत दिसली ती एका स्वाभिमानी बाईची ताठ मान. पेलिकानचं ते चौथं प्रकरण झाल्यावर पुन्हा काढली, तर बाई वचनावर बोट ठेवून विचारताहेत तो प्रश्न निकाईयाच्या वेळचा आहे, हे दिसलं. उत्तर देणाऱ्या मंडळींनी बऱ्याचदा चर्चच्या अधिकाराचा हवाला दिला. अथनेशियसने निदान वचनाचा अर्थ लावून दाखवला होता. पत्रांचं पुस्तक ज्यांच्याकडे असेल त्यांनी ही जोडी जरूर लावून पाहावी.

पाचही खंड एकदम घेऊ नका, खिशाला परवडणारं नाही आणि गरजही नाही. दुसरा घ्या. जमला तर पहिला घ्या आणि तो चौथ्या प्रकरणापासून उघडा. चौथा खंड धर्मसुधारणेत रस असेल तर. तिसरा आणि पाचवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणून चालतात. ई-पुस्तकाच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण मजकुराच्या शेजारी समास दिसला नाही तर या संचाची अर्धी किंमत वाया गेली. आणि यादीची झेरॉक्स प्रत्येक खंडाची वेगळी काढा. खंड बदलला की संक्षेप बदलतात.