न्यू जर्सी की व्हर्जिनिया, शाळेचा पैसा कोणाच्या हातात?

जॉब बदलून न्यू जर्सीहून व्हर्जिनियात जाणारे नुसतं शाळेचं रेटिंग बघतात, पण कायदाच वेगळाय ना. न्यू जर्सीत जवळपास 600 स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळांचा कारभार बघणारे विभाग), गावागणिक एक म्हणा ना, आणि बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं स्कूल बोर्डच प्रॉपर्टी टॅक्समधला शाळेचा वाटा ठरवतं, वर्षाला 2 टक्क्यांच्या वर वाढवायचा तर काही अपवाद सोडून मतदारांना विचारावं लागतं. टॅक्सच्या बिलावर शाळेची ओळ वेगळीच असते, बघून पोटात गोळा येतो! व्हर्जिनियात साधारण काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा शहराला एक डिव्हिजन, म्हणजे तिथला स्कूल डिस्ट्रिक्टच, पण बोर्डाला टॅक्स लावायचा अधिकारच नाही, काउंटीच्या सुपरवायझरांपुढे, म्हणजे काउंटीचा कारभार चालवणाऱ्या मंडळापुढे, हात पसरायचे. बोर्ड निवडून द्यायची मुभासुद्धा 1992 च्या कायद्याने आली. मला न्यू जर्सीच बरी वाटते, महाग पडते पण भांडायचं कोणाशी ते तरी कळतं.