मुंबई विमानतळ ते फोर्टचं हॉटेल: मेट्रो, लोकल की बस?

गेल्या आठवड्यात नागपूरहून आतेभावाचा फोन आला. "दादा, मंत्रालयात काम आहे. सकाळी साडेनऊला विमान उतरतं, हॉटेल फोर्टात घेतलंय. टॅक्सी न करता येता येईल का रे?" काही वर्षांपूर्वी कुणी हे विचारलं असतं तर मी फार विचार न करता म्हटलं असतं, बॅग असेल तर टॅक्सीच कर. आता तसं म्हणवत नाही. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो, कारण बाहेरगावाहून येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न हाच असतो.

पैशांचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. मेट्रो-३ या भुयारी मेट्रोचं पूर्ण मार्गाचं कमाल भाडं ७० रुपये आहे आणि विमानतळ ते फोर्ट हा त्यातलाच एक तुकडा. लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट तर दहा रुपयांच्या आसपास. बेस्टच्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या गाडीला १० आणि एसीला १२ रुपये आहे. म्हणजे काहीही निवडलं तरी माणशी शंभराच्या आत काम होतं. टॅक्सीला मात्र विमानतळाच्या टर्मिनल-२ (टी-२) पासून फोर्टपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर मीटरने गेलं तरी पाचशेच्या वर पडतात आणि रात्री १२ ते ५ त्यावर २५ टक्के जास्त. टॅक्सी नको असं ठरलं की उरलेल्या तिघांत तिकिटाच्या किमतीवरून निवड करण्यात अर्थ नाही. बघायचं ते एवढंच: घड्याळात किती वाजलेत, हातात बॅगा किती आहेत आणि हॉटेलपासून सगळ्यात जवळचं स्टेशन कुठलं.

मेट्रो-३

९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही मेट्रो पूर्ण लांबीनं धावते आहे. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं आरेचं एक सोडलं तर सगळी जमिनीखाली. आधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत आली, मग मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत. पण दक्षिण मुंबईत उतरणाऱ्याला तिचा खरा उपयोग सुरू झाला तो शेवटचा टप्पा उघडल्यावर. सायन्स सेंटर, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी (म्हणजे बोरीबंदर), हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, कफ परेड. ही नावं नुसती ओळीनं वाचली तरी मुंबईकराला कळेल की जुनी मुंबई जवळजवळ सगळी यात आली. गिरगाव आणि काळबादेवीला तर कधीच स्वतःचं स्टेशन नव्हतं. चर्नी रोड किंवा मरीन लाइन्सला उतरून चालत जायचं, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तिथल्या एखाद्या जुन्या लॉजमध्ये उतरणारा माणूस आता विमानतळावरून थेट येऊ शकतो, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

टी-२ हून सीएसएमटी किंवा हुतात्मा चौक साधारण पाऊण तासात येतं. या पाऊण तासाचं मोल मुंबईबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. रस्त्यानं हेच अंतर रात्री बाराला चाळीस मिनिटांत होतं आणि संध्याकाळी सहाला दोन तास खातं. मेट्रोला दुपार आणि संध्याकाळ सारखीच. ज्याला बारा वाजता कुणाला तरी भेटायचं आहे, त्याला यापेक्षा मोठी सोय नाही.

काही गोष्टी मात्र आधी माहीत हव्यात. टी-२ चं स्टेशन टर्मिनलच्या पोटात नाही. सामान घेऊन बाहेर पडल्यावर पाट्या बघत थोडं चालावं लागतं. टी-१ ला उतरलात तर स्टेशन आणखी दूर वाटेल. तिथे बॅगा जड असतील तर तेवढ्यापुरती रिक्षा करा. आत जाताना बॅगा एक्स-रे मशिनमधून जातात. स्टेशनं खोल आहेत, सरकते जिने आहेत, पण लिफ्ट प्रत्येक दारापाशी असेलच असं नाही. म्हातारं माणूस सोबत असेल तर वर येताना लिफ्टची पाटी शोधून मगच त्या दिशेनं चालायला लागा, नाहीतर उलटं फिरून यावं लागतं.

आणि तिकीट काढताना नाव नीट वाचा. विमानतळही छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा आणि बोरीबंदरचं टर्मिनसही. एक सीएसएमआयए, दुसरं सीएसएमटी. घाईत मोबाइलवर भलतंच स्टेशन निवडलं जातं. तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि नकाशा वर असतानाच उघडून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. भुयारात रेंज मिळेल यावर विसंबून राहू नका.

पावसाळ्याची शंका बरेच जण काढतात. ती अगदीच निराधार नाही. २६ मे २०२५ ला, स्टेशन उघडून महिनाही झालेला नसताना, आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं आणि गाड्या त्याच्या आधीच्या वरळी स्टेशनपर्यंतच ठेवाव्या लागल्या. तरीसुद्धा जुलैच्या मुसळधार दिवशी मला निवड करायला सांगितलं तर मी मेट्रोच धरेन. त्या दिवशी अंधेरीचा सबवे, मिलन सबवे आणि लोकलचे रूळ कसे पाण्याखाली जातात, ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको.

लोकल

लोकलवर माझं प्रेम आहे. वीस वर्षं तिनंच मला कामावर नेलं. पण विमानातून उतरलेल्या, शहर नवखं असलेल्या माणसाला मी ती सकाळी सुचवणार नाही.

हिशेब असा. टी-१ ला विलेपार्ले जवळ पडतं, रिक्षानं थोड्या वेळाचं काम. पण पार्ल्याला स्लो गाड्याच थांबतात. टी-२ हून अंधेरी गाठायचं तर रिक्षा, बस किंवा मेट्रो-३ नं एक स्टेशन मागे मरोळ नाका आणि तिथून घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा अशा मेट्रो-१ नं अंधेरी. अंधेरीहून फास्ट लोकल चर्चगेटला पस्तीस-चाळीस मिनिटं घेते, स्लो पन्नासच्या आसपास. विमानतळ ते अंधेरी हा तुकडा धरला तर एकूण वेळ मेट्रोपेक्षा कमी भरत नाही आणि एक-दोन वेळा गाडी बदलावी लागते, ते वेगळंच.

सकाळी आठ ते अकरा चर्चगेटकडे जाणारी फास्ट लोकल अंधेरीला येते ती बोरिवली-विरारहून भरूनच. त्या डब्यात पाठीवरच्या पिशवीला जागा नसते, चाकाच्या बॅगेची गोष्टच सोडा. मी एकदा पाहुण्यांना दोन बॅगांसकट अशा गाडीत चढवलं होतं. मामी डब्यात, मामा फलाटावर आणि मधे बॅग. पुढच्या स्टेशनवर गाठ पडली, कुणाला लागलं नाही, पण मामींचा थरथरणारा हात मला अजून आठवतो. तेव्हापासून गर्दीच्या वेळी सामानवाल्याला लोकल सांगत नाही.

मग लोकल केव्हा? एकटा माणूस, पाठीला एक सॅक, दुपारी बारा ते चार. तेव्हा ती उत्तम. हॉटेल दादर स्टेशनला लागून असेल तेव्हाही, कारण मेट्रोचं दादर स्टेशन गोखले रोडवर, सेना भवनाच्या बाजूला आहे, रेल्वे स्टेशनाला चिकटून नाही. लोकलनंच जायचं असेल तर फास्टच्या मोहात न पडता अंधेरीहूनच सुटणारी स्लो पकडा. ती रिकामी लागते, बसायला मिळतं, बॅग वरच्या फळीवर जाते. रविवारी दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा ब्लॉक आहे का ते आधी बघा. आणि रात्री लोकल मेट्रोपेक्षा उशिरापर्यंत असते, एकच्या सुमारास थांबते आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होते.

बस

बेस्टबद्दल थोडक्यात सांगतो. विमानतळ परिसरातून अंधेरी स्टेशनपर्यंत, किंवा हॉटेल अंधेरी-मरोळ-साकीनाक्याकडे असेल तर बस चांगली. दारात उतरवते, जिने चढायला लावत नाही. फोर्टसाठी मात्र नाही. टॅक्सी ज्या रहदारीत अडकते त्याच रहदारीत बस अडकते, वर प्रत्येक थांबा घेते.

हॉटेल कुठे, त्यावरून

हॉटेलवाले "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणतात तेव्हा ते कुठलं स्टेशन, हे विचारून घ्या. फोर्ट म्हणजे हुतात्मा चौक किंवा सीएसएमटी, दोन्हींकडून चालत जाता येतं. मंत्रालय, नरिमन पॉइंटला विधान भवन. मरीन ड्राइव्हच्या कडेच्या हॉटेलांना चर्चगेट. गेटवे आणि कुलाबा कॉजवे मात्र कुठल्याच मेट्रो स्टेशनच्या दारात नाहीत. हुतात्मा चौकाला उतरून काळी-पिवळी टॅक्सी करा. पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये, त्यात जेमतेम पोचाल किंवा थोडे जास्त होतील. इथे रिक्षा शोधत बसू नका, माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा येतच नाही. उपनगरातून प्रथमच येणारी माणसं यात हमखास फसतात.

व्हिसाच्या मुलाखतीसाठी बीकेसीत उतरत असाल तर विचारच करू नका, मेट्रो-३. हॉटेल ठाण्याला असेल तर दक्षिणेला यायचंच नाही: मरोळ नाक्याला मेट्रो-१, घाटकोपर, तिथून मध्य रेल्वेची ठाण्याकडची लोकल. या अशा जोडप्रवासाला मुंबई वन ॲप कामी येतं. मेट्रो, लोकल, बेस्ट यांची तिकिटं त्यात एकत्र काढता येतात आणि प्रत्येक खिडकीपुढे बॅग सांभाळत उभं राहावं लागत नाही.

परळला टाटा रुग्णालयात पेशंटला घेऊन येत असाल तर मी यातलं काहीही सुचवणार नाही. आजारी माणूस, फायलींची पिशवी, डोक्यावर काळजी. पाच-सातशे रुपये जाऊ द्या, टर्मिनलवरून टॅक्सी करा. सोबतचे नातेवाईक नंतर मेट्रोनं येऊ शकतात.

रात्रीचं विमान

परदेशातून येणारी बरीच विमानं मध्यरात्री ते पहाटे उतरतात आणि मेट्रोची शेवटची गाडी असते रात्री साडेदहाच्या सुमारास. नऊला उतरणारं विमान असेल तर इमिग्रेशन, सामानाचा पट्टा आणि कस्टम्स धरून ती गाडी मिळेल असं गृहीत धरू नका. पहाटे पहिली मेट्रो ५:५५ ला सुटते. रविवारी निघणार असाल तर त्या दिवसाची वेळ आदल्या दिवशी तपासा. चार-साडेचारला बाहेर पडलात आणि अंगात त्राण असेल तर टर्मिनलमध्येच चहा घेऊन दीड तास काढणं मला पटतं. नाहीतरी हॉटेलची खोली दुपारी बारा-दोनच्या आधी मिळत नाही. मध्यरात्री एक-दीडला, बाईमाणूस एकटी असेल किंवा मुलं पेंगुळलेली असतील, तेव्हा प्रीपेड टॅक्सीच. तिथे काटकसर नको.

आणखी एक. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. वर लिहिलेलं सगळं सहार-सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाचं आहे. तिकिटावर नवी मुंबई लिहिलं असेल तर हा सगळा हिशेबच बदलतो. तिकीट काढतानाच विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही बघून घ्या.

आतेभावाचं विमान टी-२ ला होतं, बॅग एकच, कामाची वेळ दुपारी साडेबारा. त्याला मेट्रो-३ सांगितली, हुतात्मा चौकापर्यंत. परतीचं विमान रात्री साडेनऊचं. त्यानं विचारलं, "जाताना लोकलनं जाऊ का? चर्चगेटला गाडी सुटायचीच असते, बसायला मिळेल." बसायला मिळेल हे खरं, पण संध्याकाळी साडेपाचची विरार फास्ट अंधेरीला रिकामी होत नाही, उलट तिथेच आणखी भरते. दाराशी विरार-वसईवाले उभे असतात आणि त्यांना आणखी तासभर तरी घर यायचं नसतं. त्यातून बॅग काढून उतरायला अंधेरीच्या आधी दोन स्टेशनं उठून पुढे सरकावं लागतं. रोज जाणाऱ्याला ते जमतं, पाहुण्याला नाही. तेव्हा परतही मेट्रोच. हुतात्मा चौकावरून पाच-सव्वापाचला निघ, सहाच्या सुमारास टी-२ ला पोचशील, आत जाऊन निवांत जेव.