सहा महिने शेतावरची भाजी घरपोच : बाकी सगळं चांगलं, पण मेथी ओली का पाठवता?

मेथीच्या दोन जुड्या शनिवारी टाकून द्याव्या लागल्या. गुरुवारी क्रेट आला, घरात पाहुणे होते म्हणून पिशवी तशीच फ्रीजमध्ये गेली. शनिवारी निवडायला बसले तर आतली पानं काळी आणि चिकट. पैसे देऊन आणलेलं अन्न टाकताना जीव तुटतो, म्हणून हे लिहितेय.

दिंडोरीकडच्या एका शेतावरून जुलैपासून दर गुरुवारी भाजी घेतोय. 450 रुपयांत पाच-सहा किलो, हंगामात निघेल ते. चवीबद्दल तक्रार नाही. तक्रार पाण्याची आहे. जुडी टवटवीत दिसावी म्हणून ते तिच्यावर पाणी मारतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधतात. तीच जुडी कोरडी, मुळांसकट, कागदात गुंडाळून आली तर फ्रीजमध्ये पाच दिवस सहज राहते. तीनदा फोन केला. "ताई, पाणी नाही मारलं तर लोक सुकली म्हणून परत करतात," हेच उत्तर. मग ज्यांना कोरडी हवी त्यांना तरी कोरडी द्या ना!

ऑगस्टमध्ये मी याच कारणावरून बंद करणार होते. पण तेव्हा पाऊसच थांबत नव्हता, शेतातूनच भिजलेली भाजी यायची. त्यात त्यांचा दोष नव्हता, हे आता पटतं. दिवाळीनंतर एकदा कोथिंबीर कोरडी आली तरी तीन दिवसांत पिवळी पडली. तिच्याशेजारी मीच पिकलेले पेरू ठेवले होते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने पाला पिवळा पडतो. आता फळं वेगळ्या कप्प्यात. टोमॅटो फ्रीजबाहेर, देठाची बाजू खाली करून. ओली मेथी आली की आधी जुडी सोडून पंख्याखाली सुती पंचावर तासभर पसरायची, मग कागदात. धुवायची ती चिरायच्या आधी.

पावसाळ्यात सलग पाच आठवडे गिलकी आणि दोडकी आली. मी कंटाळले, पण सासूबाईंनी दोडक्याच्या शिरा तीळ, सुकं खोबरं घालून परतल्या आणि चटणी केली. मुळा आला की पाला लगेच कापायचा, हेही त्यांचंच. पाला राहिला तर मुळ्यातलं पाणी ओढतो आणि मुळा मऊ पडतो. पाल्याची मुगाची डाळ घालून भाजी, मुळ्याची कोशिंबीर. एका जुडीत दोन वेळा भागतं.

कांद्याचं मात्र माझंच चुकलं. नोव्हेंबरात त्यांनी स्वस्तात दहा किलो लाल कांदा दिला आणि मी तो उन्हाळ कांद्यासारखा भरून ठेवला. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने निघतो. हा पोळ, म्हणजे पावसाळी लाल कांदा, पाणीदार. तीन आठवड्यांत मोड आले. नाशिककरीण असून हे लक्षात राहायला हवं होतं. लाल कांदा आठवड्याला लागेल तेवढाच घ्या, बटाट्यापासून लांब, हवेशीर टोपलीत.

आता सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले नाहीत, महिन्याच्या बोलीवर घेतेय. सोललेला मटार दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून, लगेच बर्फाच्या पाण्यात काढून फ्रीजरमध्ये भरलाय. दाणा इतका गोड की भरता भरताच मूठभर संपला. कालची मेथी पुन्हा ओलीच आली. ती आत्ता पंख्याखाली आहे.