नकाशा, लॉरेन्झ वक्र की उंचीची रांग: खानदेशातली विषमता कशावर दाखवाल?

उत्पन्नाची दरी दाखवायची म्हटलं की पहिला हात नकाशाकडेच जातो. जळगावचे 15, धुळ्याचे 4 आणि नंदुरबारचे 6 असे 25 तालुके, रंग भरले की झालं. भूगोलाच्या पुस्तकातला हा क्षेत्रघनी नकाशा. ‘कुठे?’ या प्रश्नाला याच्यासारखं उत्तर दुसरं नाही. अडचण आकड्यांची आहे. उत्पन्नाचे सरकारी अंदाज जिल्हापातळीवर निघतात. तेच वापरले तर अख्ख्या खानदेशाला तीन रंग! तालुक्याचा रंग हवा तर पाहणी स्वतः करावी लागते.

दुसरी अडचण मोठी. नकाशा सरासरी रंगवतो. समजा, यावलकडच्या एका केळीच्या गावातली 10 घरं घेतली. 8 घरं मजुरीची, वर्षाला 1 लाख. एक शिक्षकाचं, 8 लाख. एक बागायतदाराचं, 14 लाख. एकूण 30 लाख, सरासरी 3 लाख. नकाशात गाव छान गडद दिसेल, पण 3 लाख कमावणारं घर गावात एकही नाही.

इथे लॉरेन्झ वक्र कामाला येतो. मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने तो 1905 मध्ये मांडला. घरं गरिबाकडून श्रीमंताकडे लावायची आणि उत्पन्नाचा वाटा बेरजेने वर चढवत न्यायचा. सगळ्यांचं उत्पन्न सारखं असेल तर ही रेषा आलेखाच्या चौकोनाच्या कर्णावरून सरळ जाते. आपल्या गावात खालच्या 80 टक्के घरांकडे जेमतेम 27 टक्के उत्पन्न येतं, म्हणून वक्र कर्णाखाली चांगलाच झुकतो. कर्ण आणि वक्र यांच्यामधलं क्षेत्र कर्णाखालच्या पूर्ण त्रिकोणाशी ताडून पाहिलं की गिनी गुणांक मिळतो. इटलीच्या कोर्राडो गिनीने तो 1912 मध्ये दिला. शून्य म्हणजे सगळे सारखे, एकाच्या जवळ म्हणजे जवळपास सगळं एकाच घराकडे. आपल्या गावाचा येतो सुमारे 0.55.

आता सातपुड्यातला, अक्राणीकडचा एक पाडा धरा. दहाही घरांचं वर्षाचं उत्पन्न सारखंच, 60 हजार. गिनी शून्य! वक्र कर्णावर सरळ, आणि पाहणाऱ्याला वाटेल इथे सगळं आलबेल आहे. वक्र गरिबी दाखवतच नाही, फक्त वाटणी दाखवतो. शिवाय दोन अगदी वेगळ्या आकारांच्या वक्रांचा गुणांक एकच येऊ शकतो, म्हणून नुसता आकडा छापू नका.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. डच अर्थतज्ज्ञ यान पेन यांनी 1971 मध्ये तो सांगितला: उत्पन्नाएवढी उंची देऊन माणसं एका रांगेत उभी करा. सरासरी उत्पन्नाला 5 फूट धरा. आपल्या गावात 8 घरं 20 इंचांची, गुडघ्याच्या जरा वर. मग एकदम शिक्षक, 13 फुटांच्या वर. शेवटी बागायतदार, 23 फुटांच्या वर. स्तंभालेखात हे पाच मिनिटांत होतं आणि ग्रामसभेत समजावून सांगावं लागत नाही. पाड्यालाही हीच 3 लाखांची मोजपट्टी लावली की दहा जण एका फुटाचे दिसतात. गरिबीही दिसते, समानताही. फक्त घरांची संख्या हजारांत गेली की रांग गिचमीड होते. तिथे घरांचे दहा गट पाडून दहा स्तंभ काढावेत.

तर, निधी कोणत्या तालुक्याला हे ठरवायचं असेल तर नकाशा. दोन सालांतली किंवा दोन जिल्ह्यांतली वाटणी ताडायची आणि समोर अर्थशास्त्र शिकलेले लोक असतील तर वक्र. गावासमोर उभं राहायचं असेल तर रांग. एकच निवडायचं झालं तर मी रांग घेईन आणि कोपऱ्यात छोटा नकाशा टाकेन.

नकाशा काढलाच तर लाल-हिरवा टाळा, एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा वापरा. झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे येऊ शकतात.