एमएचटी-सीईटी, मराठवाड्यातून पाहिलेली: पाचपैकी साडेतीन तारे

अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणाच्या प्रवेशासाठी सगळ्या राज्याला एकाच मापाने मोजणारी ही परीक्षा. नुसती परीक्षा म्हणून पाहिली तर साडेचार तारे सहज द्यावेत. एक तारा जातो तो निकालानंतरच्या प्रवेशप्रक्रियेत, आणि आपल्या भागात तो जरा जास्तच टोचतो.

पीसीएम गटाला 150 प्रश्न, 200 गुण, 180 मिनिटं. पहिली 90 मिनिटं भौतिक आणि रसायनशास्त्राची, पुढची 90 गणिताची. पहिला भाग बंद झाला की मागे जाता येत नाही. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, बाकीच्यांना एक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. संगणक मध्येच अडकला तर लगेच पर्यवेक्षकांना सांगा आणि पुन्हा सुरू झाल्यावर आधीची उत्तरं व उरलेला वेळ तपासूनच पुढे जा.

खरी मेख पर्सेंटाइलमध्ये आहे. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. त्यामुळे 140 गुण पडले याला एकट्याने काही अर्थ नाही. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे किती, त्याला सत्रातल्या एकूण परीक्षार्थींनी भागून शंभराने गुणायचं. 20,000 मुलांच्या सत्रात 400 जण तुमच्या पुढे असतील तर 98 पर्सेंटाइल. पेपर अवघड गेला तर सत्रातल्या सगळ्यांनाच गेला, म्हणून तुलना टिकते.

पण हे गणित एका अटीवर उभं आहे: सत्रांमध्ये मुलं मिसळून वाटली गेली पाहिजेत. एखाद्या सत्रात हुशार मुलांचा भरणा झाला तर त्या सत्रातल्यांवर अन्याय होतो. शिवाय 20,000 च्या सत्रात एक मुलगा म्हणजे 0.005 पर्सेंटाइल, आणि एकूण चार लाख परीक्षार्थी धरले तर तेवढ्यात गुणवत्ता यादीतले वीसेक क्रमांक येतात. सात दशांश स्थळांपर्यंत छापलेला आकडा दिसतो तेवढा बारीक नसतो. हे घराघरांत समजावून सांगायला हवं, आणि ते होत नाही.

2025 मध्ये 27 एप्रिलच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्याय चुकले आणि 27 हजारांहून अधिक मुलांची परीक्षा 5 मे रोजी पुन्हा झाली. चूक अक्षम्यच, पण उपाय बरोबर होता. 21 प्रश्न रद्द करणं म्हणजे गणिताच्या शंभरातले 42 गुण उडवणं. सरसकट गुण वाटले असते तर अभ्यास केलेला आणि न केलेला एका रांगेत आले असते. फेरपरीक्षेला आठवडाभर जास्त मिळाला ही तक्रार फारशी टिकत नाही. तो सगळ्यांना सारखाच मिळाला, आणि तुलनाही त्याच सत्रात होते. एका बैठकीत कागदावर होणाऱ्या परीक्षेत पेपर फुटला तर सगळा देश हादरतो. 2024 च्या नीट प्रकरणाची धग लातूरपर्यंत पोहोचली होती. सत्रांत वाटलेल्या परीक्षेत नुकसान एका सत्रापुरतं राहतं.

उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची तर प्रश्नामागे 1,000 रुपये. शेतमजुराच्या घरातल्या मुलीने तीन चुका शोधल्या तर तिने काय करायचं? हरकत ग्राह्य धरली गेली तर पैसे परत मिळायलाच हवेत.

आता तारा कुठे जातो ते. मराठा आरक्षणाचा कायदा 2018 मध्ये 16 टक्क्यांचा झाला. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये शिक्षणासाठी ते 12 वर आणलं, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये स्थगिती दिली आणि 5 मे 2021 ला कायदा रद्द केला. 2024 मध्ये 10 टक्क्यांचा नवा कायदा आला, तर सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामकालीन नोंदींच्या आधारे कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय. मागणी रास्त की नाही हा या परीक्षणाचा विषय नाही. पण एकाच घरात मोठा भाऊ ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटक), बहीण एसईबीसीमधून (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि धाकटा कुणबी दाखल्यावर ओबीसीतून, अशी वेळ येते. यातून पर्सेंटाइल मात्र अबाधित राहतो, कारण तो काढताना प्रवर्ग पाहिलाच जात नाही. राजकारण कितीही तापलं तरी मोजमाप तेच राहतं, आणि ही या परीक्षेची सर्वांत मोठी जमेची बाजू. बदलते ती जागांची वाटणी, तीही कधी कधी प्रवेशाच्या तोंडावर. अर्ज सुरू होण्याच्या दिवशी लागू असलेले नियम त्या वर्षापुरते गोठवले तर निम्मी धावपळ वाचेल.

तोवर कागद आपणच सांभाळायचे. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. निजामकालीन नोंदी बऱ्याचदा उर्दू किंवा मोडीत असतात. वाचून देणारा जाणकार आणि वंशावळ जुळवायला वेळ लागतो, तो निकालानंतर मिळत नाही. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या, म्हणजे प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत आहे ना, ते पाहा. कागद अपुरा पडला की अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. पसंतीक्रम भरताना एवढं धरून चला की पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून वर तेच कॉलेज टाका जिथे खरोखर जायचं आहे.