आजोबांचं पिस्तूल: परवाना घ्यावा की विकून टाकावं?

आधी एक खुलासा. आजोबा सैन्यात असले तरी सैन्यानं दिलेलं सर्व्हिस पिस्तूल सरकारचंच. ते वारशात येत नाही. येतं ते आजोबांनी स्वतःच्या परवान्यावर घेतलेलं.

आजोबा गेल्यावर शस्त्र कपाटात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करून पावती घ्या. दोन्ही पर्यायांची सुरुवात इथूनच.

ठेवायचं असेल तर आपल्या भागाच्या (ठाणे किंवा नवी मुंबई) पोलीस आयुक्तालयात वारस म्हणून अर्ज. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र लागतं. अर्ज रखडतात ते बहुधा इथे: पुण्यातली आत्या सही करत नाही. शिवाय शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाचं धरूनही दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवाना ५ वर्षांचा, मग नूतनीकरण.

आणि खाडीकाठची दमट हवा! चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलं की एका पावसाळ्यात गंज चढतो. तेलाचा पातळ हात, सिलिका जेल, कुलूपबंद तिजोरी हवीच.

विक्री सुटसुटीत: डीलरमार्फत, परवानाधारकालाच. नियमित देखभाल जमणार नसेल तर हेच बरं. होल्स्टर आणि पदकं मात्र घरीच ठेवा.